खपली नाही म्हणून महाग

२०२० साली इंग्लंडमधून एक बातमी आली होती. सात इंचांची एक काळी तबकडी एक लाख पौंडांना विकली गेली. तेव्हाच्या दराने नव्वद लाख रुपयांच्या वर. तबकडीवर फ्रँक विल्सन नावाच्या गायकाचं १९६५ सालचं 'डू आय लव्ह यू' हे जेमतेम अडीच मिनिटांचं गाणं आहे. वाचणाऱ्याला वाटतं, गाणं त्या काळी तुफान गाजलं असणार. पण ते दुकानापर्यंत पोचलंच नव्हतं. कंपनीने प्रसिद्धीसाठी थोड्या प्रती काढल्या, मग बेत फिरला आणि त्या मोडीत गेल्या. ज्या काही वाचल्या, त्यांतली ही एक.

न खपलेली वस्तू महाग होणं आपल्या बाजाराच्या हिशेबात बसत नाही. न खपलेला आंबा महाग होत नाही, सडतो. मग न खपलेल्या गाण्याला एवढं मोल कुठून येतं? आणि हे पैसे गाणाऱ्याला मिळतात का? त्यासाठी अमेरिकेतल्या काही दुकानांच्या मागच्या खोल्यांत जावं लागेल.

एक खुलासा आधीच करतो. विल्सनची तबकडी मोटाउन या बड्या कंपनीची होती, त्यामुळे ती या लेखाच्या विषयात, म्हणजे अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांच्या विसरलेल्या सोल-तबकड्यांत, काठावर बसते. खरी गंमत तिच्यापेक्षा कितीतरी गरीब तबकड्यांची आहे.

आधी, सोल म्हणजे काय?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जे भक्तिसंगीत गायलं जातं, त्याला गॉस्पेल म्हणतात. मुख्य गायक ओळ टाकतो, मागचे ती झेलतात. आपल्याकडे बुवांनी चरण म्हणायचा आणि टाळकऱ्यांनी तो उचलून धरायचा, त्याच जातीचा प्रकार. गाणारा रंगात आला की शब्द मागे पडतात, नुसता हुंकार उरतो, आणि समोरचे लोक उभे राहतात.

१९५४ साली रे चार्ल्सने असंच एक भक्तिगीत ऐकलं आणि त्याच धाटणीवर येशूऐवजी प्रेयसीचं गाणं बसवलं. अभंगाच्या चालीवर लावणी बसवल्यावर आपल्याकडे ज्या भुवया उंचावतील, त्या तिथेही उंचावल्या. पण लोकांना ते आवडलं. चर्चमधली आर्तता आणि नाचाचा ठेका यांची ही सोयरीक पुढे 'सोल' या नावाने ओळखली गेली. साधारण १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिचा बहर होता.

यातली दोन नावं जगाला माहीत आहेत: डेट्रॉइटचं मोटाउन आणि मेम्फिसचं स्टॅक्स. दोन्हींची सुरुवात घरगुतीच. बेरी गॉर्डीने १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउनचा संसार मांडला. स्टॅक्सचा स्टुडिओ तर एका जुन्या सिनेमागृहात होता. ही दोन रोपं वाढली. पण त्याच काळात मायामी, कोलंबस, शिकागो अशा शहरांत असंख्य माणसांनी हेच करून पाहिलं, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं त्यांच्या गल्लीबाहेर गेली नाहीत.

दिवाळी अंक काढणाऱ्यांना हे लगेच कळेल

'लेबल' म्हणजे तबकडीच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद. त्यावर ज्याचं नाव, त्या कंपनीलाही लेबलच म्हणतात. सोपं करायचं तर लेबल म्हणजे प्रकाशक. प्रकाशकाचा छापखाना स्वतःचा असतोच असं नाही. तसा तबकड्या दाबणारा कारखानाही लेबलचा नसायचा. पैसे भरा, पाचशे-हजार प्रती घेऊन जा, असा व्यवहार.

तबकडी बहुतेक वेळा 'पंचेचाळीस' जातीची. मिनिटाला ४५ फेरे, सात इंच व्यास, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. जे चालेल असं वाटतं ते पुढच्या बाजूला, मागच्या बाजूला हाताशी असेल ते. आपल्याकडे याच आकाराच्या ईपी घरोघरी असायच्या, फक्त त्यांत बहुधा चार चित्रपटगीतं कोंबलेली असत.

आता एखाद्या होतकरू माणसाने दिवाळी अंक काढला असं समजा. लेख मित्रांचे, चित्रं मेहुण्याची, छपाई उधारीवर, आणि गठ्ठे स्वतःच्या स्कूटरवर. छोट्या लेबलचं काम हुबेहूब असंच चाले. मायामीचं डीप सिटी हे लेबल घ्या. विली क्लार्क शाळेत शिकवायचा आणि जॉनी पिअरसॉलचं रेकॉर्डचं दुकान होतं. दोघे फ्लोरिडाच्या एकाच कॉलेजात शिकलेले, तिथल्या दणदणीत बँडचे ताशे-कर्णे कानात घेऊन आलेले. त्यांच्या तबकड्यांत तो बँड ऐकू येतो. पुढे नावारूपाला आलेली बेटी राइट हिची शाळकरी वयातली गाणी याच लेबलवर निघाली.

ओहायो राज्याची राजधानी कोलंबस इथलं कॅपसोल म्हणजे बिल मॉस या रेडिओ निवेदकाचा उद्योग. राजधानीतलं सोल म्हणून कॅपसोल. १९७०च्या सुमारास सुरू झालं आणि काही वर्षांत संपलं. डझनभर सिंगल्स, म्हणजे पंचेचाळीसच्या तबकड्या, आणि एक एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, एवढाच पसारा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चांगली होती, तर चालली का नाहीत?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. गाण्यात दम असता तर ते वर आलंच असतं, असं आपण धरून चालतो.

पण वर येण्याची शिडी बघा. गाणं आधी रेडिओवर वाजायला हवं. रेडिओवर वाजवण्यासाठी निवेदकाचे हात ओले करावे लागत. १९५९-६० साली या लाचखोरीचं प्रकरण अमेरिकी काँग्रेसपुढे गेलं, त्याला तिथे 'पेओला' म्हणत. चौकशी झाली म्हणून प्रथा थांबली असं नाही, दर वाढले असतील फार तर. गाणं वाजलं, तर तबकडी दुकानात हवी. दुकानात ती वितरक नेणार, आणि वितरक पैसे देणार तीन महिन्यांनी, न विकलेला माल परत करून.

आणि यातला सगळ्यात क्रूर भाग असा की गाणं चाललं तरी माणूस बुडायचा. समजा हजार प्रती काढल्या आणि शेजारच्या राज्यातून अचानक वीस हजारांची मागणी आली. कारखान्याला पैसे आगाऊ हवेत. वितरकाचे पैसे दिवाळीनंतर. मधली रक्कम शाळामास्तराने कुठून आणायची? एक तर कर्ज काढायचं, नाहीतर ध्वनिमुद्रणच एखाद्या मोठ्या कंपनीला देऊन टाकायचं. मागणी नसेल तर लेबल हळूहळू मरायचं आणि मागणी आली तर एकदम.

शिवाय गाणं चुकीच्या बाजूलाही छापलं जाई. ग्लोरिया जोन्सने १९६४ साली चॅम्पियन नावाच्या लेबलसाठी 'टेन्टेड लव्ह' गायलं, तेही तबकडीच्या मागच्या बाजूला. कोणी ढुंकून पाहिलं नाही. १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या इंग्लिश जोडीने तेच गाणं नव्या यंत्रांवर वाजवलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. शब्द तेच, चाल तीच. मधल्या सतरा वर्षांत गाणं सुधारलं नव्हतं.

आता उलट बाजूही सांगायला हवी. विस्मृतीत गेलेली प्रत्येक तबकडी रत्न नसते. खरं सांगायचं तर बहुतेक सामान्यच असतात: मोटाउनची नक्कल, गायक किंचित बेसूर, ढोलकवाला घाईत. संग्राहकांचा एक दोष असा की दुर्मिळ म्हणजे उत्तम, असं त्यांना मनापासून वाटू लागतं. शंभरातली चार-पाच गाणी अशी असतात की ऐकणारा हातातलं काम सोडून बसतो. पण ती चार-पाच शोधायला शंभर ऐकावी लागतात, आणि ती शंभर ऐकली कोणी, हा पुढचा भाग.

लँकेशायरमधल्या रात्री

ती ऐकली उत्तर इंग्लंडमधल्या कामगारांच्या पोरांनी. गिरण्यांचा, कोळशाच्या खाणींचा, कारखान्यांचा हा मुलूख. आठवडाभर पाळ्या करायच्या आणि शनिवारी रात्रभर नाचायचं. १९६०च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये संगीताची हवा बदलली, लोक संथ, फंकी प्रकारांकडे वळले. मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबमधल्या मुलांना मात्र जुना जलद ठेकाच हवा होता.

लंडनमध्ये डेव्ह गॉडिन नावाच्या लेखकाचं रेकॉर्डचं दुकान होतं. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून येणारी मुलं नवा माल सोडून तीच जुनी गाणी मागतात, हे त्याच्या लक्षात आलं. दुकानातल्या माणसांना त्याने सांगून ठेवलं की या गिऱ्हाइकांना नवीन काही ऐकवू नका, त्यांच्यासाठी 'नॉर्दर्न सोल' काढा. म्हणजे 'उत्तरेकडची मंडळी मागतात ते'. १९७० साली त्याने तो शब्द आपल्या सदरात वापरला आणि संगीताच्या एका प्रकाराला दुकानातल्या सोयीचं नाव कायमचं चिकटलं. गाणी अमेरिकेची, नाव इंग्लंडच्या दिशेचं.

पुढे १९७३ ते १९८१ या काळात विगन गावातला 'विगन कसिनो' हा नाचाचा क्लब या पंथाचं पंढरपूर झाला. दारू मिळत नसे. घाम आणि टाल्कम पावडर. पावडर फरशीवर टाकायची, म्हणजे गिरक्या घेताना पाय सरकतात. गोळ्या घेऊन जागणारेही होते, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मुख्य नशा नव्या गाण्याची. 'नवं' म्हणजे कोणीही न ऐकलेलं दहा वर्षांपूर्वीचं गाणं.

डीजेंमध्ये चढाओढ लागली. माणसं अमेरिकेत जाऊन बंद पडलेल्या वितरकांची गोदामं उपसू लागली. सापडलेलं गाणं दुसऱ्याला कळू नये म्हणून तबकडीच्या लेबलवर कोरा कागद चिकटवायचा आणि गायकाचं खोटंच नाव सांगायचं. मसाल्याचं प्रमाण न सांगणारी सुगरण असते ना, तसं. फ्रँक विल्सनचं गाणं विगनमध्ये गाजलं ते 'एडी फॉस्टर' या नावाने. लोक नाचत होते आणि ज्याच्या आवाजावर नाचत होते त्याचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. विल्सन तेव्हा अमेरिकेत निर्माता म्हणून काम करत होता. पुढे तो धर्मोपदेशक झाला आणि २०१२ साली वारला.

हा पंथ मला आवडतो आणि खटकतोही. ही गाणी जिवंत ठेवली यांनीच. पण गाणं गाजलं की त्याच्या चोरून छापलेल्या प्रती निघत, आणि त्यातला छदामही मूळ माणसाला जात नसे.

तुकडा कापून घेणारे

१९८०च्या दशकात हिप-हॉपवाले आले. जुन्या तबकडीतला दोन-चार सेकंदांचा तुकडा उचलायचा, तो गोल गोल फिरवायचा आणि त्यावर आपले शब्द बोलायचे. त्या तुकड्याला 'सँपल' म्हणतात. आजीच्या पैठणीचा काठ कापून नव्या ड्रेसला लावावा, तसं काम. काठ ओळखू येतो, साडी मात्र कोणाची ते सांगावं लागतं.

इथे सिल जॉन्सनची गोष्ट येते. मिसिसिपीत जन्मलेला, शिकागोत वाढलेला गायक. ट्विनाइट या छोट्या लेबलवर त्याने १९६७ मध्ये 'डिफरंट स्ट्रोक्स' आणि १९६९ मध्ये 'इज इट बिकॉज आय अॅम ब्लॅक' ही गाणी केली. दुसरं तर अंगावर येणारं आहे: काळोख्या रंगाची कातडी आहे म्हणूनच का मला कोणी पुढे जाऊ देत नाही, असं तो विचारतो, ओरडून नाही, जवळजवळ कुजबुजत. पुढे गाण्याचा धंदा बसला आणि त्याने तळलेल्या माशांची उपाहारगृहं काढली. मग त्याच्या कानावर आलं की वू-टँग क्लॅनसारख्या हिप-हॉप गटांनी आपल्या तबकड्यांचे तुकडे वापरलेत. तो पैसे मागायला लागला, कोर्टात गेला. कान्ये वेस्ट आणि जे-झी या रॅपरांवरचा दावा तडजोडीत मिटला. सायप्रस हिल या गटावरचा दावा मात्र २०११ साली अपील न्यायालयात हरला. का हरला, हे कळायला थोडा कायदा लागतो.

गाणं सापडलं, मालक कुठे आहे?

हाच या सगळ्यातला अवघड भाग आहे, आणि बातम्यांत तो कधीच येत नाही. बातमी तबकडीची होते. खरं काम कागदपत्रांचं असतं.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, ती कवी-संगीतकाराची किंवा त्यांच्या प्रकाशकाची. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही दुसरी, ती बहुधा लेबलची. जमीन एकाची आणि वरचं घर दुसऱ्याचं असावं, तसं. ध्वनिमुद्रणाच्या मूळ टेपला 'मास्टर' म्हणतात, आणि मास्टरची मालकीही त्याच नावाने ओळखली जाते.

ही मालकी कशी निसटते, याचं सर्वांत मोठं उदाहरण स्टॅक्सचं. त्यांच्या तबकड्या अटलांटिक कंपनी वितरित करायची. १९६५ साली करार लिहिला गेला, स्टॅक्सच्या जिम स्टुअर्टने विश्वासाने सही केली. १९६८ मध्ये दोघे वेगळे व्हायची वेळ आली, तेव्हा उलगडा झाला: अटलांटिकने वितरित केलेल्या सगळ्या मास्टरची मालकी करारानेच अटलांटिककडे गेली होती. स्टॅक्सचा सर्वांत मोठा गायक ओटिस रेडिंग याचा आवाजसुद्धा. एवढ्या नावाजलेल्या लेबलची ही गत, तर दुकानामागच्या खोलीतल्या व्यवहाराचं काय? तिथे करार चिठ्ठीवर, नाहीतर शब्दावर.

कायद्याने गुंता वाढवला. अमेरिकेचा केंद्रीय कॉपीराइट कायदा १५ फेब्रुवारी १९७२च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांना लागूच नव्हता. ती राज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांवर सोडलेली. सिल जॉन्सनचा तो दावा यातच अडकला, कारण गाणं १९६९चं. २०१८ साली नवा कायदा झाला आणि जुनी मुद्रणं केंद्रीय संरक्षणाखाली आली. १९५७ ते १९७२ मधली मुद्रणं आता १५ फेब्रुवारी २०६७पर्यंत सुरक्षित आहेत. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं, युरोपात साधारण ७०. म्हणजे ही तबकडी जुनी आहे, आता कोणीही वापरावी, असं अमेरिकेपुरतं तरी म्हणता येत नाही. मालक शोधावाच लागतो, मग तो हयात असो वा नसो.

शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या कंपनीने २००३ पासून हाच धंदा केला आहे. त्यांची पहिलीच मालिका 'एक्सेंट्रिक सोल', आणि तिच्यातला पहिला संच २००४ साली निघाला तो कोलंबसच्या कॅपसोलचा. पुढे ते डीप सिटीपर्यंतही पोचले. सिल जॉन्सनची सगळी जुनी गाणी त्यांनी २०१० साली एका जाडजूड पेटीत काढली आणि तिला ग्रॅमीची नामांकनं मिळाली.

शोध घ्यायचा कसा? तबकडीवरचे धागे धरून. लेबलवर कवीचं नाव असतं, ते रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांच्या नोंदवहीत शोधायचं. खाली पत्ता असेल तर त्या गल्लीत जायचं. शेवटच्या खोबणीनंतर मधोमध जी गुळगुळीत पट्टी राहते, तिच्यावर सुईने कोरलेले आकडे असतात. त्यांवरून कारखाना कळू शकतो आणि कारखान्यावरून वर्षाचा अंदाज बांधता येतो. मग टेलिफोनची जुनी पुस्तकं, मृत्युवार्ता, चर्चचे पाद्री, कोणाची तरी विधवा, कोणाचा तरी पुतण्या. आपल्याकडे सातबाऱ्यावरचे वारस शोधताना जी पायपीट होते, तीच.

कधी कधी धागाच नसतो. कोलंबसमध्ये एका जुन्या स्टुडिओवाल्याच्या पश्चात त्याचं सामान विकायला निघालं. त्यात टेपा होत्या. एका टेपवर सरावाच्या वेळी मुद्रित केलेलं एक गाणं: जवळजवळ साथीशिवाय, एक गिटार, मुलीचा कोवळा आवाज आणि मागे मुलगे. नाव लिहिलेलं 'पेनी अँड द क्वार्टर्स'. गाणं 'यू अँड मी'. न्यूमेरोने २००७ साली ते एका संचाच्या शेवटी टाकलं. ही मंडळी कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं. २०१० साली 'ब्लू व्हॅलेंटाइन' या चित्रपटात ते गाणं वाजलं. चित्रपटातला नायक रायन गॉसलिंग यानेच ते सुचवलं होतं. लोकांनी ते उचलून धरलं, आणि आता एक अजब अवस्था झाली: पैसे जमा होत होते आणि घ्यायला माणूस नव्हता.

स्थानिक वर्तमानपत्रांनी ही हकिकत छापली. आधी गाणं लिहिणाऱ्याच्या घरच्यांना ओळख पटली. तो स्वतः २००९ मध्ये गेला होता, चित्रपट यायच्या एक वर्ष आधी. मग २०११ साली खुद्द पेनी सापडली. त्याच शहरात लहानाची मोठी झालेली बाई. मागचे 'क्वार्टर्स' म्हणजे तिचे भाऊ. तरुणपणी एकदा स्टुडिओत जाऊन गाऊन आले होते, पुढे काही झालं नाही आणि ते विसरून गेले.

हे सगळं यूट्यूबवर फुकट ऐकता येतंच की

काही येतं. पण यूट्यूबवर काय आहे? कोणीतरी आपल्या घासलेल्या तबकडीवर सुई ठेवून केलेलं मुद्रण, गायकाचं नाव चुकीचं, वर्ष अंदाजाने. आणि कोणी ते चढवलं कारण आधी कोणीतरी ती तबकडी गोदामातून उपसली. ज्या गाण्याची एकही प्रत कोणाच्या हाती आली नाही, ते इंटरनेटवर आपोआप उगवत नाही.

टेपाही टिकत नाहीत. १९७०च्या दशकापासूनच्या काही टेपांवरचा चिकट लेप दमट हवेने सुटतो आणि वाजवायला गेलं की यंत्राला चिकटतो. त्या आधी मंद आचेवर कित्येक तास भाजाव्या लागतात. हो, अक्षरशः भट्टीत ठेवून. मग एकदा-दोनदा वाजतात तेवढ्यात काम उरकायचं. टेपच नसेल तर जगातली सर्वांत कमी घासलेली तबकडी शोधून, धुऊन, तिच्यावरून मुद्रण करायचं. मोठ्या कंपन्यांकडे वस्तू सुरक्षित असतात अशीही समजूत नको. २००८ साली हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली. तिच्यात मूळ मास्टर मोठ्या संख्येने जळाले, हे बाहेर कळायला २०१९ उजाडलं.

पैसे शेवटी कोणाला मिळतात?

आता पुन्हा त्या एक लाख पौंडांकडे या. ते मिळाले तबकडी विकणाऱ्याला. ब्रिटनमध्ये चित्र पुन्हा विकलं गेलं तर काही अटींवर चित्रकाराला किंवा वारसांना वाटा मिळतो. तबकडीला तो नियम नाही. विल्सनच्या घरच्यांचा त्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता. म्हणून संग्राहक आणि पुनर्प्रकाशक यांत फरक करायला हवा. संग्राहक वस्तू विकत घेतो. पुनर्प्रकाशक, तो सचोटीचा असेल तर, हक्क भाड्याने घेतो, करार करतो आणि खपेल तसा वाटा देतो.

इथे आक्षेप येतो: गरीब काळ्या कलाकारांनी केलेलं संगीत, पन्नास वर्षांनी विकणारे आणि विकत घेणारे बरेचसे गोरे. पुन्हा तीच कथा नाही का? आक्षेपात तथ्य आहे. जुन्या काळातली गरिबी, फसवणूक, पडकं दुकान, हे सगळं पुस्तिकेत सुंदर छायाचित्रांसह छापलं की त्याचीही एक चैनीची वस्तू होते, आणि मला ते कधी कधी नकोसं वाटतं. पण पर्याय काय होता, हेही विचारायला हवं. बिल मॉसचं कॅपसोल पुन्हा निघालं तेव्हा तो हयात होता. पुढच्याच वर्षी गेला. आणखी दोन वर्षं कोणी फिरकलं नसतं तर स्वतःच्या लेबलची हकिकत त्याच्या तोंडून ऐकायला मिळाली नसती.

एक मात्र नक्की. तबकडीची किंमत आणि गायकाची मिळकत या दोन वेगळ्या खात्यांतल्या रकमा आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांची गाठ पडत नाही. बातमी वाचताना कोणत्या खात्याची आहे तेवढं बघावं.

आपल्या माळ्यावरच्या तबकड्या

या गोष्टीत भारतही एका ठिकाणी येतो. १९८२ साली रूपा विश्वास या कोलकात्याच्या गायिकेने कॅनडातल्या कॅलगरीत 'डिस्को जॅझ' नावाची एलपी केली. सरोद वाजवली होती आशिष खान यांनी. भारतात ती आली आणि गेली. २०१९ साली तिचं पुनर्प्रकाशन केलं ते याच न्यूमेरोने. तोवर मूळ प्रतीसाठी परदेशातले संग्राहक भरमसाट पैसे मोजत होते.

मराठीत या कामाची परंपरा नाही असं नाही. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मंडळी जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जमवतात, त्यांच्या याद्या करतात. एचएमव्हीच्या सावलीत मुंबईचंच 'यंग इंडिया' हे लेबल १९३५ पासून वीसेक वर्षं चाललं. त्यावर गाणाऱ्यांत हौशी लोकही होते.

अशी एखादी तबकडी आजोबांच्या माळ्यावर निघाली तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी उजेडात तिरकी धरून मधल्या पट्टीवरचे आकडे उतरवून घ्या. ओल्या फडक्याने लेबल पुसू नका, शाई जाते. आणि घरात अजून कोणी असेल ज्याला ती गाणारी बाई कोण होती हे आठवतं, तर आधी त्यांना विचारून नाव लिहून ठेवा. तबकडी काय, दुसरी एखादी कुठेतरी असेल.